दोन दाती, चार दाती

आमचे दाजी शेळीबाजारात शिरले की मालकाला रामराम घालत नाहीत. आधी शेळी. डावा हात तिच्या जबड्याखाली, उजव्या अंगठ्यानं खालचा ओठ ओढलेला, मान तिरकी, एक डोळा बारीक. मग निकाल येतो, "दोन दाती हाय."

"चार दाती हाय की वो पाव्हणं," मालक.

दाजी पुन्हा ओठ ओढतात. "हे मधले दोन नवे. हे कडंचे अजून दुधाचे. मला शिकिवताव?"

ज्यांनी आयुष्यात शेळी घेतली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेळीला पुढचे दात फक्त खालीच असतात, आठ. वर नुसती घट्ट गादी. करडाचे आठही दात दुधाचे, तोवर ते आदत. वर्ष-दीड वर्षाची झाली की मधले दोन पडून रुंद, पक्के दात येतात, म्हणजे दोन दाती. मग वर्षाला साधारण एक जोडी. चार दाती, सहा दाती, आणि चौथ्या वर्षाच्या आसपास आठही आले की शेळी जुळली. जन्मदाखला नाही, आधार कार्ड नाही. तोंड उघडलं की वय समोर. आमच्या जिल्ह्याचं नाव 2023 साली कागदोपत्री धाराशिव झालं, पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, पण शेळी अजून 'उस्मानाबादी'च आहे. कर्नालला देशातल्या जनावरांच्या जातींची नोंद ठेवणारा ब्यूरो आहे, त्याच्या दप्तरात ती याच नावानं आहे आणि नाव बदलून मिळावं म्हणून तिनं अजून अर्ज केलेला नाही.

तर असे आमचे दाजी. धाराशिव, कळंब, भूम, परंडा, कुठल्याही बाजारात त्यांचा शब्द शेवटचा. पण त्यांच्या स्वतःच्या तोंडात सहा दात शिल्लक होते. वर दोन, खाली चार, आणि ठेवण अशी की वरच्याची खालच्याशी गाठ पडत नव्हती. भाऊबंदकीत वाटणी झालेल्या भावांसारखे आपापल्या बांधावर उभे. मी एकदा विचारलं, "दाजी, तुमचे स्वतःचे किती उरलेत?"

"मोजले न्हाईत," ते म्हणाले. "आपल्याला कुठं इकायचंय?"

मी तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. आरोग्याच्या धड्याची प्रस्तावना याहून नेमकी मला कधी जमली नाही. दर सोमवारी मी पोरांची नखं बघायचो. केस बघायचो, गणवेशाची बटणं मोजायचो. दात बघायचो ते कुणी फिदीफिदी हसलं तरच, आणि तेव्हा माझं एकच वाक्य ठरलेलं: "दात काढू नकोस." शेळीलासुद्धा बत्तीसच दात असतात, आठ पुढे आणि चोवीस दाढा. आपल्याइतकेच. पण तिचे बघायला चार तालुक्यांतून माणसं येतात.

माझी स्वतःची कथा उसापासून सुरू होते. आमच्याकडे पाऊस कमी आणि साखर कारखाने भरपूर, हे कोडं जाणकारांनी सोडवावं. पण आमच्या लहानपणी उसाचं कांडं दातानं सोलणं ही मौंज होती. पटाशीचे दात पेरावर रुतवायचे, मान झटकायची, साल टर्रकन निघाली पाहिजे. विळ्यानं सोलून मागणाऱ्याला आम्ही शहरातला समजायचो. एकसष्टाव्या वर्षी, सुट्टीला आलेल्या पुण्याच्या नातवासमोर मी हे प्रात्यक्षिक केलं. साल निघाली नाही. मागून, डाव्या बाजूनं 'कट्' असा आवाज आला. नातू म्हणाला, "आबा, ऊस तुटला?"

ऊस शाबूत होता.

दाढदुखी दिवसा शेजारच्या खोलीत असते आणि रात्री अंथरुणात येते. रात्री अकराला लवंग. बाराला कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या. एकला बायकोनं हिंग शोधला. दोनला माझ्या लक्षात आलं की कान, डोळा, मान आणि निवृत्तिवेतनाची फाइल या सगळ्या गोष्टी एकाच नसेवर टांगलेल्या आहेत. सकाळी गल्ली गोळा झाली. आमच्या गल्लीत डॉक्टर एकही नाही आणि वैद्यकीय सल्ला नाही असं घरही एकही नाही.

शेजारच्या मावशींनी मिसरीची डबी पुढे केली. तव्यावर तंबाखू काळीभोर भाजायची, कुटायची, बोटावर घेऊन हिरड्यांना लावायची, की दात 'धरतात'. माझी आज्जी मिसरी लावल्याशिवाय चुलीजवळ जात नसे. चिमूटभर मिसरी आणि उंबऱ्यावर अर्धा तास, एवढाच तिचा दिवसभरातला स्वतःचा वेळ. दात घासायच्या नावाखाली बायकांना तंबाखूची परवानगी होती, एवढाच त्याचा अर्थ. दुखणं दबतं कारण तंबाखू झिंग आणते, दात धरते म्हणून नव्हे. उलट हिरड्या सोलून काढते आणि तोंडाच्या कर्करोगाला आमंत्रण देते. हे मी मावशींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं लावते." माझ्या समोर उभ्या राहून, तीन दातांनी.

पुरुषांचं काय सांगावं. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे, आणि शाळेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही हा कायदा 2003 चा. आम्ही शाळेबाहेर ती पिवळी रेघ मारली होती. फीत धरायला जो गृहस्थ मिळाला तो मोजणी होईपर्यंत एक शब्द बोलला नाही. रेघेपलीकडे गेला, पिचकारी टाकली आणि मग म्हणाला, "बरोबर हाय, गुरुजी."

कुणी म्हणालं, कीड आहे, रिंगणीची धुरी घ्या. इथे मला थांबावं लागेल, कारण धुरीचा मी लहानपणापासूनचा साक्षीदार आहे. भुईरिंगणी म्हणजे बांधावरची ती काटेरी, जांभळ्या फुलांची, पिवळ्या फळांची वनस्पती. तिचं बी निखाऱ्यावर टाकायचं, वर करवंटी पालथी घालायची, करवंटीच्या भोकात नळी, नळीचं दुसरं टोक दुखऱ्या दाढेवर. लाळ गळते ती खाली पाण्याच्या परातीत. मग आज्जी परातीतल्या बारीक पांढऱ्या, वळलेल्या गोष्टी दाखवायची. "बघ, किडे पडले. सात." मी मोजायचो, आठ भरायचे. रात्री झोप येत नसे. उरलेले किती असतील?

पुढे मी विज्ञान शिकवू लागलो तेव्हा एका रविवारी हा प्रयोग कुणाचंही तोंड न लावता केला. निखारा, बी, करवंटी, पाणी. किडे आले. नऊ. आलेले 'किडे' म्हणजे बी तडकून बाहेर उडालेले आतले वळलेले कोंब. दातात अळी असते ही समजूत पार बॅबिलोनइतकी जुनी आहे, आणि ती खोटी असल्याचं पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्यानं 1728 सालच्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवलं. बातमी आमच्या गल्लीत अजून पोचायची आहे. आज्जीला मी रिकाम्या परातीचे किडे दाखवले तेव्हा ती म्हणाली, "मग ते तुझ्या परातीला लागले असतील."

शेवटची सूचना बायकोच्या मावसभावाची. वरची दाढ असेल तर काढू नका, नजर जाते. हा समज इतका पक्का आहे की डोळ्यांच्या शिबिरात दातांची चौकशी होते. खरं तर दिसायची नस वेगळी आणि दाताची वेगळी. पण दाढा पडायचं वय आणि मोतीबिंदू पिकायचं वय एकच, त्यामुळे दोघांची एकाच सुमारास गाठ पडते आणि बिचाऱ्या दाढेवर आळ येतो. माझी दाढ खालची होती. मावसभाऊ जरा हिरमुसला.

दवाखान्यात पोचलो. पांढरा कोट घातलेली मुलगी पुढे आली आणि वाकून नमस्कार करत म्हणाली, "गुरुजी, ओळखलं का?"

ओळखलं. चौथीत दुसऱ्या बाकावर, खिडकीकडे. आख्ख्या वर्गात सगळ्यात जास्त हसणारी. तिला मी वर्षभर काय म्हणत होतो ते मला आठवलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळलं की तिलाही आठवलं आहे.

"आ करा."

"अगं, जरा हळू बघ हं," मी म्हणालो. तिनं ट्रेमधलं काहीतरी टोकदार उचललं. "हळू बघा हं डॉक्टर," मी म्हणालो.

तिनं आरशाच्या दांडीनं एकेक दात ठोकायला सुरुवात केली. टक्. टक्. "इथे दुखतं? इथे?" मला एकदम तेरच्या गोरोबाकाकांची आठवण झाली. तेर इथून पंचवीसेक किलोमीटरवर. संतमंडळी जमली असताना मुक्ताईच्या सांगण्यावरून काकांनी मडकी पारखायचं थापटणं हातात घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर ठोकत गेले. सगळे गप्प बसले, नामदेवांना राग आला, आणि कच्चं मडकं कोणतं ते ठरलं. डॉक्टरांनी चौथ्यांदा 'टक्' केलं आणि मी खुर्चीतून अर्धा वर आलो.

"ही कच्ची," त्या म्हणाल्या. त्यांनाही तीच कथा आठवत होती. चौथीत मीच सांगितली होती.

मग त्यांनी समजावलं. कीड म्हणजे प्राणी नव्हे. तोंडात जिवाणू राहतात. आपण गोड किंवा पिठूळ खाल्लं की तेही जेवतात आणि आम्ल सोडतात. दातावरचं एनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडाहून कठीण, पण आम्लापुढे विरघळतो. एकदा खाल्लं की अर्धा तास हे विरघळणं चालतं, मग लाळ हळूहळू डागडुजी करते. "म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं हे महत्त्वाचं. एका बैठकीत पाच गुलाबजाम परवडले, पण दिवसातून पाच वेळा एकेक नको."

धाराशिवच्या गुलाबजामांवर आणि कुंथलगिरीच्या खव्याच्या पेढ्यांवर वाढलेल्या माणसाला यापेक्षा दिलासा देणारं शास्त्र दुसरं नाही. मी घरी जाऊन वाक्याचा पूर्वार्ध सगळ्यांना सांगितला.

"गुरुजी, रूट कॅनॉल करावं लागेल."

आमच्या जिल्ह्यात 'कॅनॉल' हा शब्द जपून उच्चारायचा असतो. कृष्णेचं पाणी मराठवाड्यात येणार, हे ऐकत एक पिढी निवृत्त झाली, मी तिच्यातलाच. बोगदे, पंपगृहं, टप्पा एक, टप्पा दोन. त्यामुळे मी विचारलं, "किती वर्षं लागतील?"

"तीन बैठका."

लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. आधी बधिर करणारं इंजेक्शन. मग दाढेला वरून भोक, आतली सडलेली नस केसासारख्या बारीक कानशींनी काढायची, नळ्यांची लांबी यंत्रानं मोजायची, धुऊन साफ करायच्या आणि गटापर्चा नावाच्या झाडाचा चिकटा भरून बंद. भूसंपादन नाही, फेरनिविदा नाही. वर सिमेंट. खात्यात एवढीच कामं नाहीत म्हणे. शेजारचा दात नसेल तर ब्रिज, म्हणजे पूल. माझं तोंड दोन तास उघडं, अर्धा चेहरा दुसऱ्या कुणाचा तरी झालेला, आणि मी विचार करत होतो की सार्वजनिक बांधकाम आणि पाटबंधारे ही दोन खाती जिल्ह्यात एकत्र नांदतात ती फक्त इथे.

वाट बघताना माणसाला भलतंच आठवतं. तेरच्याच लामतुरे संग्रहालयात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती आहे. दोन हजार वर्षांपूर्वी तेर म्हणजे 'तगर', रोमशी व्यापार करणारी पेठ. अगदी अशाच धाटणीची मूर्ती 1938 साली इटलीत, पॉम्पेईच्या राखेत सापडली. आणि हत्तीचा सुळा हा सुळा नसतोच, तो वरचा पटाशीचा दात. म्हणजे आमच्या जिल्ह्यातला सगळ्यात जुना, धड राहिलेला दात हत्तीचा आहे. हत्तीला अर्थात कुणी दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा पाजला नव्हता.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या. "पुढच्या वेळी कॅप बसवू."

घरी दाजी बसले होते. त्यांनी हिशोब विचारला. मी आकडा सांगितला.

"एका दाढेला एक दोन दाती शेळी?" दाजी उठून उभे राहिले. "शेळी वर्षाला दोन करडं देती. दाढ काय देती?" मग जरा थांबून, "आन शेवटी टोपी घालायची म्हणली का न्हाई?"

"कॅप, दाजी."

"तेच ते."

तिसऱ्या बैठकीला मी नातवाला बरोबर नेलं. त्याच आठवड्यात त्याचा पहिला दात पडला होता आणि घरात तात्त्विक वाद पेटला होता. पुण्यात उशीखाली दात ठेवला की परी येऊन पैसे ठेवते. आमच्याकडे परी येत नाही. आमच्याकडे दात शेणाच्या गोळ्यात घालून माळवदावर फेकायचा आणि उंदराला सांगायचं की हा घे, तुझ्यासारखा बारीक आणि पक्का दे. अडचण एवढीच की माळवद आता राहिलं नाही. स्लॅब आहे, स्लॅबवर पाण्याच्या तीन काळ्या टाक्या. पोरानं फेकलेला दात पहिल्या टाकीवर आपटून टप्प्यानं त्याच्याच पायाशी परत आला. "उंदराला नको आहे," तो म्हणाला. बायकोनं शेवटी दात तुळशीत पुरला आणि त्याला दहा रुपये दिले. ते परीचे की उंदराचे, हे अजून ठरलेलं नाही.

डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवलं, खुर्ची वर-खाली करून दाखवली, आरसा हातात दिला. मग माझ्याकडे वळून, "गुरुजी, मागची ही दाढ किडायला लागलीय."

"दुधाची आहे ना," मी म्हणालो. "पडेलच."

"नाही. ही पक्की आहे. सहाव्या वर्षी येते. कुठलाही दात न पाडता सगळ्यांच्या मागे येऊन बसते, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही. सगळे म्हणतात दुधाची. ही गेली की गेली."

मी आरशात बघितलं. खरंच, पोराच्या तोंडात मागच्या बाकावर कुणी नवा विद्यार्थी दाखला न देता येऊन बसलेला. वर दोन, खाली दोन, अशा चार. पहिलीचे वर्ग मी अकरा वर्षं घेतले. पट तीसचा धरला तर वर्गात एकशेवीस पक्क्या दाढा, माझ्या नाकासमोर, आणि मी नखं तपासत होतो.

याहून वाईट आठवण नंतर आली. 2013 मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि आमच्या शाळेत तपासणीची गाडी यायला लागली. ते लोक दातही बघायचे. कार्डावर 'दंतक्षय' लिहायचे. मी ती कार्डं वर्गवारीनं लावली, सुतळीनं बांधली, कपाटात ठेवली. तपासणी अधिकाऱ्यांनी मांडणीचं कौतुक केलं होतं.

आणि दुधाचे दात तरी पडणार म्हणून सोडून द्यायचे नसतात, हे डॉक्टरांनी वर ऐकवलं. ते खाली येणाऱ्या दातांसाठी जागा धरून ठेवतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसं. रुमाल उचलला की शेजारी सरकतो आणि मग खरा प्रवासी आडवा-तिडवा उभा राहतो. (उपमा माझी. डॉक्टरांनी ती आता इतर पेशंटना वापरायला घेतली आहे.)

नातवाच्या दाढेच्या खाचा भरल्या. मग शिकवणी. फ्लोराइडची पेस्ट, सहा वर्षांच्या पोराला वाटाण्याएवढी, तिनाच्या आतल्याला तांदळाच्या दाण्याएवढी. जाहिरातीत ब्रशच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जी नक्षी काढलेली असते ती विकणाऱ्याच्या सोयीची. सात-आठ वर्षांपर्यंत पोराचे दात मोठ्या माणसानं घासून द्यायचे, कारण पोर पुढचे चार घासतं आणि उरलेल्यांना पाणी दाखवतं. आणि दिवसातून दोनदा. रात्रीचं जास्त महत्त्वाचं. झोपेत लाळ कमी होते, पहारेकरीच झोपतो.

रात्री दात घासणं आमच्याकडे कुणालाच पटत नाही. 2023 च्या मे महिन्यात राज्य सरकारनं 'स्वच्छ मुख अभियान' सुरू केलं आणि सचिन तेंडुलकर त्याचा स्माइल ॲम्बॅसिडर झाला. मी दाजींना म्हटलं, सचिनसुद्धा दोनदा घासा म्हणतो. कसोटी आहे ती. दुसरा डाव खेळावाच लागतो. दाजी म्हणाले, "आमचा डाव सकाळीच घोषित व्हतो."

सकाळचा डाव मात्र बघण्यासारखा. परसातल्या निंबाची काडी मोडायची, टोक चावून कुंचला करायचा, आणि तो तोंडात फिरवत गावभर फिरायचं. निम्मं राजकारण काडी तोंडात असतानाच होतं. डॉक्टरांना काडीचं वावडं नाही, पण मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला ती पोचत नाही आणि जोरात घासली तर हिरड्या सोलते. त्याआधी राखुंडी होती. गोवरीची राख, त्यात मीठ, तर्जनीनं घासायची. दात लख्ख व्हायचे, कारण वरचा थर निघून जायचा. भांडी घासायची राख तीच होती, एवढं लक्षात घेतलं तरी पुरे.

माझी खरी पंचाईत झाली ती चुळेवर. आम्ही चूळ भरणारी माणसं. जेवण झालं की तांब्या घेऊन अंगणात, खळखळून चूळ, घशातून असा आवाज की शेजारच्याला कळावं आमचं जेवण उरकलं. टंचाईच्या वर्षी टँकरच्या पाण्यावर सगळं कमी केलं, चूळ नाही. जेवणानंतरची ही चूळ अगदी योग्य, डॉक्टर म्हणाल्या, सोडू नका. पण रात्री पेस्टनं घासल्यावर नुसतं थुंकायचं. खळखळून धुतलं तर दाताला लागलेलं फ्लोराइडही धुऊन जातं.

पेस्ट तोंडात ठेवून झोपायचं हे ऐकून बायकोनं माझा चहाचा कप वेगळा केला.

दाजी डॉक्टरकडे गेले ते दातांसाठी नव्हे, हुरड्यासाठी. डिसेंबरात शेतावर हुरडा भाजला होता. कोवळी ज्वारी, शेंगदाण्याची चटणी, दही. सगळे मूठ-मूठ तोंडात टाकत होते आणि दाजी एकेक दाणा पुढच्या दातांनी वेचत बसले होते. दात आहेत तर चणे नाहीत, ही म्हण बसल्या जागी उलटी झाली होती. नातू म्हणाला, "दाजीआजोबा, तुमच्या वरच्या बाजूला शेळीसारखी गादी आहे का?" पोरानं नीट लक्ष देऊन ऐकलं होतं. दाजी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मोटरसायकल घेऊन दारात उभे.

दवाखान्यात डॉक्टरांनी डावा हात त्यांच्या हनुवटीखाली घातला, उजव्या अंगठ्यानं खालचा ओठ ओढला, मान तिरकी केली. दाजींचे डोळे मोठे झाले. ही पकड त्यांच्या ओळखीची होती, फक्त या बाजूनं ती त्यांनी कधी बघितली नव्हती.

"किती वय, आजोबा?"

"तुमीच सांगा की," दाजी ओठ धरलेल्या अवस्थेत म्हणाले. "बघायलाव न्हवं?"

चार दात हलत होते, हिरड्यांवर किटणाचे थर. हलणारे दात काढून उरलेल्यांचं किटण साफ करायचं ठरलं. किटण काढलं की दात हलतात, असं दाजींनी ऐकलं होतं. किटण होतं म्हणूनच ते हलत होते, असं त्यांना समजावण्यात आलं, आणि ते पटल्याचं त्यांनी दाखवलं. जखमा भरल्यावर माप घेतलं. गुलाबी मेणात तोंडाचा साचा उमटला तेव्हा दाजींनी तो हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पारखला. दोन-अडीच महिन्यांनी कवळी बसली. पहिले चार दिवस बोलताना प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजायची आणि घरातली कुत्री धावत यायची. पाचव्या दिवसापासून ते बोलता बोलता विनाकारण थांबून हसायला लागले. रात्री काढून पाण्यात ठेवा, रोज घासा, असं बजावलं होतं. उभ्या आयुष्यात स्वतःचे दात रात्री न घासलेला माणूस विकत आणलेले दात दोन वेळा घासतो, हे मी रोज बघतो.

परवा दोघं बाजारात गेलो. दाजींच्या नजरेत एक काळी, लांब कानांची शेळी भरली. ओठ ओढला, बघितलं. "सहा दाती."

"सहा दाती," मालकानंही मान्य केलं, आणि किंमत सांगितली.

इथून पुढे दाजींची जुनी पद्धत होती. गाल आत ओढायचे, बोळकं दाखवायचं, गरीब म्हाताऱ्यानं काय करावं असा चेहरा करायचा. त्या चेहऱ्यावर आजवर कित्येक शेळ्या दोनशे-चारशेनं उतरल्या होत्या. सवयीनं त्यांनी तोंड उघडलं. "पाचशे कमी करा की. आमच्यासारख्या गरिबानं..."

मालक त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. मान तिरकी केली. एक डोळा बारीक केला.

"पुरे जुळून आलाव की वो पाव्हणं," तो म्हणाला. "एवढी पांढरीशिपट बत्तिशी बसवायला पैसा हाय, आन माझ्या शेळीला पाचशे कमी?"

दाजींनी पूर्ण पैसे मोजले. परत येताना शेळी मागे, दाजी पुढे. वाटेत त्यांनी कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि वरच्या खिशात ठेवली.

"पुढच्या बाजाराला," ते बोळक्या तोंडानं म्हणाले, "याद करून द्या मला."